सागाच्या कवडशात सुपडूची सायकल

माझ्या तोंडी सबंध आयुष्यात सर्वांत जास्त वेळा कोणते शब्द आले असतील, तर 'हलू नका' हे. देवाचं नाव त्याच्या बरंच मागे राहिलं. बायकोचं नाव घ्यायची वेळ फारशी आली नाही, कारण ते दुकानाच्या पाटीवरच होतं. सुरतेत बमरोलीच्या रस्त्यावर, एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला सायकलपंक्चरवाला अशा बेचक्यात माझा 'प्रमिला फोटो स्टुडिओ' होता. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काही लिहा म्हटल्यावर मी प्रमिलेला विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, "तुमचे सगळे फोटो सारखेच. तो एक हललेला आहे, त्याचं लिहा."

त्याचंच लिहितो. पण आधी धंदा सांगायला हवा.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे आपलीच माणसं. अमळनेर, पारोळा, शिरपूर, नंदुरबार इकडून येऊन लूमवर आणि डाईंग मिलमध्ये राबणारी. सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून ती माझ्याकडे यायची. आरशाला मी कंगवा साखळीनं बांधून ठेवला होता, कारण सुटा कंगवा टिकत नसे. मागे पडद्यावर तळं, तळ्यात राजहंस, आणि कुठेही न जाणाऱ्या पायऱ्या. मनगटावरचं घड्याळ दिसावं म्हणून लोक गालावर हात ठेवायचे आणि फोटोत दाढ दुखत असल्यासारखे दिसायचे. एकदा एक बाई नवऱ्याचा शर्ट हँगरला अडकवून घेऊन आली. नवऱ्याला मिलमधून सुट्टी मिळाली नव्हती आणि सासूला जोडीचा फोटो हवा होता. मी शर्टाला खुर्चीवर बसवलं, बाईंना शेजारी उभं केलं, आणि सवयीनं दोघांनाही म्हणालो, हलू नका.

फोटो हलणं हा आमच्या धंद्यात सर्वांत मोठा कलंक. 'त्याच्याकडे जाऊ नका, त्याचे फोटो हलतात' असं एकदा पसरलं की दुकानाला टाळं लागलंच म्हणून समजा. त्यामुळे माझ्या खुर्चीवर बसलेला माणूस दगड झाल्याशिवाय मी बटण दाबत नसे. हनुवटी वर, खांदे मागे, श्वास बंद. फोटो असा स्वच्छ यायचा की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. त्यात माणूस कुठे आहे हे मात्र मी कधी तपासलं नाही.

सुपडूचं प्रकरण तिथूनच सुरू झालं.

सुपडू शिरपूरकडचा. पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये कामाला होता. कापडाचे ताके सायकलवर लादून मिलच्या एका खात्यातून रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या खात्यात पोचवायचे हे त्याचं काम. कॅरिअरवर ताके, दांडीवर ताके, आणि मधे कुठेतरी सुपडू. रस्त्यात टेम्पो, म्हशी, लाल-हिरव्या पाण्याची गटारं आणि खड्डे. त्यातून तो शीळ घालत, एका हातानं हँडल धरून जायचा. प्लेगच्या सालानंतर आमचं शहर झाडून-पुसून लख्ख झालं असं लोक म्हणतात, पण सुपडूच्या वाटेवरचे खड्डे काही कुणी पुसले नव्हते.

हा सुपडू गावाकडे एका लग्नाला गेला आणि पंगतीत वरण वाढणाऱ्या मुलीवर त्याचा जीव जडला. पारोळ्याकडची सिंधू. ती समोर यावी म्हणून पोट फुटेस्तोवर त्यानं वरण मागून घेतलं. ती वाटीत बघून वाढत होती, त्यामुळे तिनं काही त्याचं तोंड पाहिलं नाही. सुरतेला परतल्यावर त्यानं नात्यातल्या माणसाकरवी बोलणं लावलं. तिच्या वडिलांचा, दगडू पाटलांचा, निरोप आला की आधी मुलाचा फोटो पाठवा, पसंत पडला तर सुरतेला येऊ.

फोटो अर्थातच मी काढला. हनुवटी वर, खांदे मागे. तो जसा गेला तसा परत आला. निरोप असा होता की मुलगा रागीट दिसतो, आमची पोर गरीब आहे, दुसरा बरा फोटो असला तर पाठवा, नाहीतर आम्ही वैशाखाच्या आत दुसरं स्थळ बघतो.

सुपडू फोटो घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "आप्पा, मी रागीट शे का?"

आता हा माणूस म्हणजे मिलमधली मांजरं ज्याच्या डब्यातून जेवतात असा. मी त्याला पुन्हा बसवलं आणि हसायला सांगितलं. त्यानं दात दाखवले. तो फोटो पाहून प्रमिला म्हणाली, "हा पाठवलात तर ते पोलिसात जातील."

याच सुमारास किरणशेठ माझ्या दुकानात आले. किरणशेठ म्हणजे सुपडूच्या मिलमालकाचे चिरंजीव. त्यांच्या अमेरिकेतल्या मावसभावानं त्यांना डोंगरात चालवायची सायकल पाठवली होती. टायर मांडीएवढे जाड, पुढे स्प्रिंगा, आणि गिअर तर इतके की कोणता कशाला हे शेठनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मित्रांना तशाच सायकली घ्यायला लावून एक मंडळ काढलं होतं. दर रविवारी मॅटाडोरमध्ये सायकली घालून ते मांडवीच्या पुढे सागाच्या जंगलात जायचे, उतारावरून खाली यायचे आणि मग बरोबर आणलेला पोंक, म्हणजे आपला हुरडा, नाहीतर फाफडा खायचे. मॅटाडोर सायकलींपेक्षा फाफड्यानंच जास्त भरलेली असायची असं तिचा ड्रायव्हर सांगायचा.

शेठच्या डोक्यात आलं होतं की मिलच्या नव्या शर्टपीसच्या डब्यावर या सायकलीचा फोटो छापायचा. आपल्याकडे लग्नात आहेराला जे शर्टपीसचे चपटे डबे देतात, ते. कापड साधं, बदामी रंगाचं, बिनछापाचं. शेठ म्हणाले, "भाऊ, मने एवो फोटो जोईए. सायकल दौडती होय, जंगल होय, अने शर्ट एकदम चोख्खो देखाय."

मी लगेच हो म्हणालो. जन्मभर राजहंसाच्या पडद्यापुढे काढल्यावर खरं झाड दाखवलं तर कुणीही हो म्हणेल. धावत्या सायकलीचा फोटो मी कधी काढला नव्हता हे मी शेठना सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

सायकलवर बसायला शेठ स्वतःच तयार होते. पण शर्ट शिवून आला तेव्हा मधल्या बटणानं साथ दिली नाही. मंडळातले बाकीचे गडीही फाफडा पचवलेले. मग शेठना आपला ताकेवाला आठवला. सडपातळ अंग आणि सायकलवर हात बसलेला.

सुपडू माझ्याकडे धावत आला. त्याला शर्टाचं आणि अमेरिकन सायकलचं काही नव्हतं. "आप्पा, डबावर मनं तोंड दखाई ना? डबा मी पारोळाले धाडसू." छापील डब्यावर तोंड आलेला माणूस रागीट कसा म्हणता येईल, असा त्याचा हिशेब होता. आणि मला तो पटला.

"दखाई रे बाबा," मी म्हणालो. "शर्टाआधी तुनं तोंड दखाई."

आता जंगलातल्या उजेडाबद्दल दोन शब्द. आपला डोळा फार समजूतदार असतो. झाडाखाली अर्धं तोंड उन्हात आणि अर्धं सावलीत असलं तरी तो दोन्हीकडे सांभाळून घेतो. फिल्म सांभाळून घेत नाही. उन्हाचा हिशेब धरला तर सावलीतलं सगळं काळंकुट्ट होतं, सावलीचा धरला तर ऊन पांढऱ्या चुन्यासारखं फुटतं. त्यात सायकल धावती. ती थोपवून धरायला उजेड भरपूर लागतो, आणि सागाची पानं पावसाळ्यानंतर ताटाएवढी झालेली असतात, खाली उजेड सोडत नाहीत. मग करायचं काय, तर कॅमेरा सायकलीबरोबर फिरवत न्यायचा आणि फिरता फिरताच बटण दाबायचं. मी आठवडाभर रस्त्यावर उभा राहून रिकामा कॅमेरा रिक्षांवर फिरवून सराव केला. पिठाच्या गिरणीवाल्यानं प्रमिलेला विचारलं की यांच्या मानेला काय झालं.

अशा जंगलात फोटोला वेळ दोनच चांगल्या. एक, आभाळ पातळसं भरून आलेलं असताना. दुसरी, सकाळी लवकर, जेव्हा ऊन आडवं येतं आणि झाडांच्या खालून आत शिरतं. मी शेठना म्हटलं, उजाडता उजाडता तिथे पोचू.

शेठनी खिशातून छोटं पंचांग काढलं. "सवारे तो उद्वेग छे, भाऊ. उद्वेगमां कोई फोटो पाडे?"

सुरतेत राहिलेल्याला चोघडिया समजावून सांगायला नको. दिवसाचे तुकडे पाडलेले असतात, काही शुभ, काही अशुभ, आणि दुकान उघडण्यापासून लूमचा खटका ओढण्यापर्यंत सगळं त्या बेतानं चालतं. रविवारी सकाळी उद्वेग असतो, मग चल, मग लाभ आणि मग अमृत. शेठचा निर्णय झाला होता की लाभात सायकलीची पूजा आणि अमृतात फोटो. अमृत संपतं भर मध्यान्हीला. फोटोग्राफरचा म्हणून जो अशुभ चोघडिया असतो, काळ म्हणा की रोग, तो बरोबर तेव्हाच सुरू झालेला असतो. मी हे माझ्या परीनं गुजरातीत सांगायचा प्रयत्न केला. शेठ म्हणाले, "अमृतमां बधुं सारुं थाय."

नवरात्रातल्या रविवारी आम्ही गेलो. सायकलीच्या हँडलला कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, नारळ फोडला, पेढे वाटले. सुपडू नव्या शर्टात नवरदेवासारखा घामेजून उभा होता. मी उताराची वाट पाहून आलो. सागाच्या खोडांतून वळण घेत ती खाली एका कोरड्या नाल्यात उतरत होती. वर पानांचं छप्पर, आणि त्याच्या भोकांतून पडलेले कवडसे सबंध वाटेवर पसरलेले. दिसायला इतकं सुंदर की मी कॅमेरा विसरून बघत राहिलो. मग कॅमेरा आठवला, आणि फिल्म यातलं काही सांभाळून घेणार नाही हेही आठवलं.

पण मला युक्ती सुचली. वळणावर एक मोठा कवडसा खोडावर अगदी सायकलस्वाराच्या डोक्याच्या उंचीला पडला होता. म्हणजे सुपडू तिथून गेला की तो नेमका त्याच्या तोंडावर येणार. मी ड्रायव्हरच्या तंबाखूच्या डबीतला चुना घेतला आणि त्या कवडशाच्या कडेनं खोडावर गोल काढला. मग वाटेच्या बाजूला पाचोळ्यात आडवा झालो आणि हाक दिली.

सुपडू निघाला. ती सायकल त्याच्याखाली अशी सुटली की जणू तिला शेठच्या वजनातून मोकळं केल्याचा आनंद झाला होता. मुळं, दगड, सगळं ओलांडत तो वळणाशी आला, त्याला मी दिसलो, आणि त्यानं करकचून ब्रेक दाबले. एक पाय खाली टेकवला. केसांवरून हात फिरवला. हनुवटी वर, खांदे मागे.

"अरे थांबलास का?"

"तुम्हीनच सांगेल शे ना आप्पा, फोटोले हालानं नही."

त्याला पुन्हा वर पाठवलं. समजावलं की या फोटोत हलायचंच आहे. त्याला ते पटलं. खाली आला, मला पाहिलं आणि पुन्हा थांबला. तो काही मुद्दाम करत नव्हता. कॅमेरा दिसला की त्याचे हात आपोआप ब्रेकवर जात होते. मग मी झाडाआड लपलो. तो कॅमेरा शोधत, मान वळवत आला आणि करवंदीच्या जाळीत गेला. शेठ धावले, आणि पहिल्यांदा त्यांनी शर्ट तपासला. माझ्या अंगावर एव्हाना लाल मुंग्यांनी आपलं मंडळ काढलं होतं.

शेठ घड्याळ दाखवून ओरडत होते की अमृत चाललं. शेवटी मी सुपडूला म्हणालो, "हे बघ, कॅमेऱ्यात रोल नाही. आता नुसती तालीम कर. दोन चकरा मोकळ्या मार, मग थांबून निवांत फोटो काढू."

त्याचा चेहरा असा सैल पडला की विचारू नका. तो वर गेला आणि शीळ घालत खाली आला. एक हात हँडलवर, मान जराशी वाकडी, ओठांवर हसू. पांडेसऱ्याच्या गल्लीतून रोज जातो तसा. मी कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला आणि बटण दाबलं. दुसऱ्या चकरेलाही दाबलं. मान, मनगट, श्वास, सगळं जमून आलं होतं. रिक्षांवरची आठवड्याची मेहनत कामी आली असं वाटून मी पाचोळ्यातून उठलो, आणि माझी नजर त्या खोडावर गेली.

चुन्याचं वर्तुळ होतं तिथेच होतं, पण त्याच्यात ऊन नव्हतं. आमची समजावणी, करवंदीची जाळी, शेठचं ओरडणं चाललं असताना कवडसा आपला सरकत सरकत हातभर खाली आला होता. सूर्य काही 'हलू नका' म्हटल्यानं थांबत नाही हे इतकी वर्षं धंदा करून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. स्टुडिओतला दिवा जिथे ठेवावा तिथेच राहतो ना.

दुसऱ्या दिवशी फोटो धुऊन आले. सायकल नाल्याच्या काठावर अधांतरी, चाकांच्या काड्या फिरताना दिसताहेत, मागचं जंगल पाण्यासारखं वाहतंय. मी आयुष्यात काढलेला पहिला जिवंत फोटो. फक्त मानेच्या वर सागाच्या एका पानाची सावली, आणि त्या सावलीत सुपडूचं डोकं गडप. तोंडावर पडायचं ते सगळं ऊन शर्टावर सांडलं होतं.

प्रमिला बघून म्हणाली, "याच्या अंगावर ताक कुणी उडवलं?"

मी शेठकडे गेलो आणि म्हटलं, परत जाऊ, तोंड आलेलं नाही. शेठ फोटो हातात घेऊन खूश झाले होते. "मोढुं कोण जुए छे, भाऊ? माणस शर्ट जुए छे." लोक बघतात ते शर्ट, तोंड नव्हे, एवढ्यावर विषय संपला, आणि दिवाळीनंतर लाभपाचमीला मिल उघडायच्या आत डबे छापून तयार झाले.

सुपडूला हे कसं सांगावं या विचारात मी चार दिवस काढले. सांगायला गेलो तर तो म्हणाला, "डबा धाडी दिना आप्पा." त्यानं डबा नीट पाहिलाच नव्हता म्हणावं तर तसंही नाही. पाहिला होता. फोटोत तोंड नाही हेही त्याला दिसलं होतं. पण आपल्याच गावचा माणूस निघाला होता, वेळ नव्हता, आणि सिंधूच्या घरी काहीतरी जायलाच हवं होतं. "हात ते दखाताय ना," असं म्हणून तो माझ्याकडे न बघता सायकल पुसत राहिला. मला फार वाईट वाटलं. तो रागीट असता तर बरं झालं असतं असंही वाटलं.

इकडे भलतंच घडलं. कानपूरच्या एका व्यापाऱ्याकडून शेठना तक्रार आली की डब्यावर एक माल आणि आत दुसराच. आत साधं बदामी कापड निघतं, डब्यावर ते सुंदर ठिपक्याठिपक्यांचं आहे, ते पाठवा. मग नागपूरहून तेच, इंदूरहून तेच. शेठनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर माझा फोटो मोठा करून पसरलेला, आणि मिलचा डिझाइन मास्तर भिंग लावून त्याच्यावर वाकलेला.

"भाऊ, आ डिझाइन क्यांथी लाव्या?" शेठनी विचारलं.

"शेठ, ए डिझाइन नथी. ए तो तडको छे." तडको म्हणजे ऊन, हे मला येत होतं.

शेठनी फोटोकडे पाहिलं, मग तक्रारींच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "तडको छे?" ते म्हणाले. "तो तडको छापो."

मास्तरची मात्र पंचाईत झाली. कापडावरचं डिझाइन म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा यायला हवा, आणि ऊन कधी पुन्हा तसंच पडत नाही. सबंध फोटोत एक कवडसा दुसऱ्यासारखा नव्हता. अखेर त्यानं सुपडूच्या डाव्या खांद्यावरचा एक तुकडा निवडला. वर वाटाण्याएवढा ठिपका, खाली मोडलेल्या पोळीसारखा एक, आणि बाजूला शेपटी असलेला एक. तेवढाच घेऊन रोलर बनवला आणि मैलोगणती छापला. माझं नाव कुठे नव्हतं, पण तो ताका बाजारात पाहिला की माझी छाती फुगायची. फोटो चुकल्यामुळे एवढा खप झालेला फोटोग्राफर दुसरा नसावा.

आता सुपडूच ते ताके वाहत होता. स्वतःच्या खांद्यावरचं ऊन स्वतःच्या सायकलवर लादून.

संक्रांत झाली आणि एक दिवस दुपारी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ डबा छातीशी धरून माझ्या दुकानात शिरले. दगडू पाटील. सुपडूनं पत्ता माझ्या दुकानाचा दिला होता, कारण त्याच्या खोलीवर दिवसा कुणी नसायचं. पाणी प्यायच्या आधीच त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला.

"ह्या फोटोमा पोऱ्यानं मुंडकं कोठे शे?"

मी सागाच्या पानाबद्दल सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. पहिल्या फोटोवरच त्यांनी नाही म्हटलं असतं. पण डबा आला तेव्हा सिंधू तो बघून खूप हसली होती. म्हणाली होती, एका फोटोमा नुसतं मुंडकं शे, दुसरामा नुसतं धड, तुम्ही जाईसन दोन्ही जोडीसन दखी या. पोरीनं हसून बोलणं काढलं म्हणून ते आले होते. आज बघायचं, आणि नाही पटलं तर संध्याकाळच्या गाडीनं परत. पुढच्या आठवड्यात चोपड्याचं एक स्थळ येणार होतं.

मी त्यांना मिलच्या फाटकाशी घेऊन गेलो. समोरच्या चहाच्या टपरीआड उभे राहिलो. सुट्टीचा भोंगा व्हायचा होता, ताक्यांची ये-जा चालू होती. तेवढ्यात सुपडू आला. कॅरिअरवर तडक्याचे ताके, एक हात हँडलवर, शीळ चालू. कुणीतरी काही बोललं आणि तो मान मागे टाकून हसला. एक मांजर आडवं आलं, त्याला वळसा घालून त्याच्याशीही काही बोलला.

पाटील टपरीच्या बांबूला धरून पुढे वाकले. "हाऊ ते हासस," ते म्हणाले.

मला काय दुर्बुद्धी झाली, मी हाक मारली, "सुपडू."

त्यानं वळून पाहिलं. मी दिसलो. ब्रेक लागले, पाय टेकला, केसांवरून हात फिरला. हनुवटी वर, खांदे मागे. पहिल्या फोटोतला रागीट माणूस जसाच्या तसा आमच्यापुढे उभा राहिला. माझ्या हातात कॅमेरासुद्धा नव्हता.

पाटलांनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यांना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. "पोऱ्या चांगला शे," ते मला बाजूला घेऊन सांगू लागले. "तुम्हले दखीसन तो असा व्हस."

स्थळ पक्कं झालं, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण त्या रात्री मी जुन्या फोटोंची पेटी काढून बसलो. इतक्या वर्षांची इतकी माणसं, एकूण एक रागीट. लग्न झालेली, बाळ झालेली, नोकरी लागलेली, सगळी आनंदानं माझ्याकडे आलेली माणसं. ती गावाकडे आईला असे फोटो पाठवत होती, आणि आई म्हणत असेल, सुरतेत पोराला सुख नाही वाटतं. त्याचं दुःख मला अजून आहे.

वैशाखात पारोळ्याकडच्या त्या खेड्यात लग्न लागलं. किरणशेठनी मिलमधले तडक्याचे तुकडे आहेर म्हणून पाठवले होते, त्यामुळे नवरदेवासकट दोन्हीकडच्या झाडून सगळ्या पुरुषांच्या अंगावर तेच शर्ट. दारात आंब्या-जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव. डहाळ्या उन्हानं सुकून विरळ झाल्या होत्या आणि मुहूर्त गाठला होता नेमका भर दुपारचा. वरून खरे कवडसे पडत होते आणि खाली छापलेले फिरत होते. वाटाणा, मोडकी पोळी, शेपटीवाला. मी कॅमेरा गळ्यात घालून मधे उभा राहिलो आणि मला हसू आवरेना.

अक्षता पडल्या. नवरदेवाचं उपरणं आणि नवरीचा शालू यांची गाठ बांधली आणि दोघं देवाच्या पाया पडायला मांडवातून घराकडे निघाली. मी उंबऱ्याशी गुडघ्यावर बसलो. आणि धंद्यात पहिल्यांदाच ओरडून सांगितलं, "चालत या. थांबू नका. माझ्याकडे बघू नका."

सुपडूनं माझ्याकडे पाहिलं. थांबला. केसांकडे हात गेला, तिथे मुंडावळ्या होत्या, तो खाली आला. हनुवटी वर, खांदे मागे.

सिंधूला माझी काही सवय नव्हती. चालत या म्हटलं म्हणून ती चालतच राहिली. गाठ ताणली गेली, उपरण्याला हिसका बसला आणि नवरदेव पुढे खेचला गेला. तोल सावरताना त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि तो हसला. मी बटण दाबलं.

"आप्पा," तो लगेच म्हणाला, "मी हालनू. परत काढा."

मी लेन्सला टोपण लावलं आणि पंगतीत जाऊन बसलो. वरण सिंधूची धाकटी बहीण वाढत होती.

तो फोटो दुकानाच्या काचेत शेवटपर्यंत होता आणि आता घरात आहे. येणारा-जाणारा विचारतो की हा हललेला कशाला लावलाय. हललेला आहेच. सुपडूचा एक पाय हवेत आहे, हाताचा नुसता पट्टा दिसतो, आणि शर्टावरचं छापलेलं ऊन कोणतं, खरं कोणतं, ते मलाही सांगता येत नाही. तोंड मात्र चांगलं दिसतंय.